वाचक विचारतात : घरातला कॅमेरा इंटरनेटवर उघडा तर नाही ना?

मागच्या अंकात सीसीटीव्हीबद्दल काही शंका असतील तर पाठवा असं म्हटलं होतं, तर अक्षरशः ढीग आला पत्रांचा. बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत म्हणून त्यातले काही निवडले. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, ज्याच्या घरातला कॅमेरा आज उघडा असू शकतो त्याचं नाव मासिकात छापणं मला बरोबर वाटलं नाही.

ताई, दोन वर्षांपूर्वी घरी चार कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बसवला. बसवणाऱ्याने राउटरमध्ये काहीतरी सेटिंग केलं आणि म्हणाला, आता जगात कुठेही असलात तरी मोबाईलवर दिसेल. भाऊ म्हणतो असे कॅमेरे बाहेरचं कोणीही बघू शकतं. खरं आहे का हे? आणि आमच्यासारख्या साध्या माणसांच्या घरात कोण कशाला डोकावेल?

भाऊ बरोबर बोलतोय. आणि "आमच्याकडे कोण कशाला बघेल" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते. तुम्हाला कोणी शोधत नाहीये. शोधतो तो प्रोग्रॅम, आणि त्याला तुम्ही साधे की मोठे याच्याशी काही देणंघेणं नसतं. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता म्हणजे आयपी पत्ता, आणि असे नेहमीचे पत्ते म्हणजे आयपीव्ही४चे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. आकडा प्रचंड वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, ते एका कॉम्प्युटरवरून, चांगलं फास्ट कनेक्शन असेल तर, एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं एक नंबर दिलेलं दार) हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून मोकळं होतं. शोदान नावाचं सर्च इंजिन तर २००९ पासून आहे, जॉन मॅथर्ली यांनी सुरू केलेलं, ते वेबसाइट शोधत नाही, इंटरनेटला जोडलेली यंत्रं शोधतं आणि कुठल्या पत्त्यावर कसलं यंत्र उत्तर देतंय याची नोंद ठेवतं. त्याचा उपयोग सिक्युरिटीवाले चांगल्या कामासाठी करतात, पण यादी ती यादीच, ती कोणाच्याही हातात पडते. बिटसाइट या कंपनीने २०२५ मध्ये शोधलं तेव्हा त्यांना ४० हजारांहून जास्त कॅमेरे असे सापडले जे सरळ आपलं चित्र दाखवत होते.

आता तुमच्या बसवणाऱ्याने काय केलं ते. बहुतेक पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरचा एरवीचा नियम असा की आतून कोणी मागितलं तरच बाहेरचं आत येणार. पोर्ट फॉरवर्डिंग केलं म्हणजे राउटरला सांगून ठेवलं की अमुक नंबरच्या पोर्टवर बाहेरून कोणीही आलं तर त्याला थेट डीव्हीआरकडे सोड. कोणीही म्हणजे खरंच कोणीही, राउटर काही तुमचा मोबाईल ओळखत नाही. आणि हे नंबर काही गुपित नाहीत, व्हिडिओसाठी ५५४, वेबपेजसाठी ८०, काही कंपन्यांच्या डीव्हीआरचे ८०००, ३७७७७, ३४५६७, शोधणारे नेमके हेच ठोठावत असतात.

त्यावर पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच असेल तर मग संपलंच. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये इनसीकॅम नावाची साइट गाजली, तिच्यावर जगभरातल्या ७३ हजारांच्या आसपास कॅमेऱ्यांचं लाइव्ह चित्र लावलेलं होतं, दुकानं, पार्किंग, झोपायच्या खोल्या, पाळणे सगळं. कुलूप कोणी तोडलं नव्हतं, मालकांनी डिफॉल्ट पासवर्ड बदललाच नव्हता एवढंच.

आणि डोकावणं हा एकच धोका नाही, याकडे लोकांचं लक्षच जात नाही. कॅमेरा म्हणजे लिनक्स चालवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो दुसऱ्याच्या कामालाही जुंपता येतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने हेच केलं, त्याच्याकडे साठेक डिफॉल्ट युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, त्या टेलनेटवर (यंत्रात दुरून लॉगिन करायची जुनी सोय) वापरून बघत बघत त्याने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला असल्या यंत्रांच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट कित्येक तास धड चालेनात. मालकांना याचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं, चित्र नेहमीसारखंच दिसत होतं ना. मिराय फक्त मेमरीत राहायचा, कॅमेरा बंद करून चालू केला की जायचा, पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत परत लागण व्हायची.

तेव्हा बसवणाऱ्याला फोन करा आणि तो पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम काढून टाक म्हणून सांगा. बाहेरून बघायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खासगी, कुलूपबंद रस्ता) चालू करून घ्या, आता बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते, मग तुमचा मोबाईल आधी घराच्या नेटवर्कमध्ये शिरतो आणि मग कॅमेरा बघतो, बाकी जगाला तुमचा डीव्हीआर दिसतच नाही.

माझा कॅमेरा उघडा आहे का हे मला स्वतःला बघता येईल का? मी कॉम्प्युटरवाली नाही.

येईल की, आणि मी तर म्हणते पुढचे प्रश्न नंतर वाचा, आधी हे करा.

घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये तुमचा पब्लिक आयपी शोधा, मध्ये टिंबं असलेल्या चार संख्यांचा पत्ता दिसेल तो कागदावर लिहून घ्या. मग राउटरचं पेज उघडा (पत्ता बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा) आणि त्यात वॅन किंवा इंटरनेट स्टेटस म्हणून जो पत्ता दिसतोय तो कागदावरच्याशी ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर तुमच्या राउटरपर्यंत बाहेरून थेट पोचता येतं. वेगळे असतील, आणि राउटरवरचा १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय, मग त्या वाटेने कोणी सरळ येऊ शकत नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते) असेल तर मात्र त्याची वाट वेगळी, राउटरमध्ये आयपीव्ही६चा फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी सोय, चालू आहे ना तेवढं बघून घ्या.

आता मोबाईलचं वाय-फाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा, ब्राउझरमध्ये तो कागदावरचा पत्ता टाका. काही नाही आलं तर त्याच्यापुढे कोलन (:) देऊन ८०, मग ८०००, मग ८०८० टाकून बघा. कॅमेरा कंपनीचं लॉगिन पेज आलं तर तुमचा डीव्हीआर उघड्यावर आहे. काहीच नाही आलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण ५५४ वरचा व्हिडिओ ब्राउझरमध्ये दिसत नाही. म्हणून खरी तपासणी राउटरच्या आत. पोर्ट फॉरवर्डिंग नावाचं पान असतं, काही राउटरमध्ये त्यालाच व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात, तिथे डीव्हीआरच्या पत्त्याच्या ओळी दिसल्या तर काढून टाका. डीएमझेडचं पान बघा, तिथे डीव्हीआरचा पत्ता असेल तर एखाद-दुसरा नाही, सगळेच पोर्ट त्याच्याकडे सोडलेत, बसवणाऱ्याचा वेळ वाचतो म्हणून असं करणारे आहेत आणि मला त्यांचा फार राग येतो. शेवटी यूपीएनपी बंद करा. यूपीएनपीमुळे कॅमेरा स्वतःच राउटरला सांगतो की माझ्यासाठी पोर्ट उघड आणि राउटर तुम्हाला न विचारता उघडतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही यूपीएनपी आणि टेलनेट असतील तर तिथेही बंद.

डीव्हीआरमध्ये लॉगचं पान असतं तेही एकदा निवांत बघा. त्यात कोण कधी लॉगिन झालं त्याच्या ओळी असतात, तारीख, वेळ, युजर, आयपी पत्ता. घरच्या लॉगिनचा पत्ता १९२.१६८ चा दिसेल, तुमच्या मोबाईल डेटाचा वेगळा दिसेल. पण पहाटे साडेतीनला ॲडमिन म्हणून लॉगिन झालेलं असेल आणि त्या वेळी घरात सगळे झोपलेले होते हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा, डीव्हीआरची नेटवर्कची वायर काढा आणि मगच पुढचं.

एक मात्र, हे सगळं फक्त स्वतःच्या पत्त्यावर करायचं. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर सहज म्हणून पासवर्ड टाकून बघणं हा गुन्हा आहे.

पासवर्ड बदलून अठरा अक्षरी केलाय. आता तरी पुरे ना?

चांगलं केलंत पण पुरे नाही. २०१७ मध्ये हाइकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या कितीतरी मॉडेलमध्ये अशी चूक सापडली की वेब पत्त्याच्या शेवटी ठरावीक अक्षरं जोडली की कॅमेरा पासवर्ड न विचारताच ॲडमिन समजून आत घ्यायचा, चित्र द्यायचा, युजरची यादीपण द्यायचा. २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यांत आणखी एक निघाली, लॉगिन न करता कॅमेऱ्यावर हवी ती कमांड चालवता येणारी, आणि त्याच वर्षी दाहुआ या दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यांत लॉगिन चुकवून आत जाता येतंय असं निघालं. तुमची अठरा अक्षरं असल्या ठिकाणी विचारलीच जात नाहीत. कंपन्यांनी अपडेट दिले, पण भिंतीवर एकदा टांगलेला कॅमेरा कोण अपडेट करतंय? म्हणून मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) घ्या, आणि त्या मॉडेलला अपडेट येणं बंद झालं असेल तर त्याला इंटरनेट देऊच नका, रेकॉर्डिंग घरातल्या घरात चालू दे. चोरी झाल्यावर फुटेज मिळायला इंटरनेट लागत नाही.

ताई, परवा रात्री बाळाच्या खोलीतल्या वाय-फाय कॅमेऱ्यातून एक माणूस बोलला. मी ऐकलंय. नवरा म्हणतो तुला भास झाला, झोप नाहीये तुझी. मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलाय. काय करू?

मी तुमच्यावर विश्वास ठेवते. हे खरोखर होतं, आणि तुम्ही टॉवेल टाकलात ते योग्यच केलंत, पण माइक अजून चालू आहे म्हणून आधी प्लग काढा. रिसेट मात्र करू नका. ॲपमध्ये लॉगिन हिस्टरी किंवा जोडलेल्या डिव्हाइसची यादी असेल तिचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात अनोळखी मोबाईल दिसला तर यजमानांनाही दाखवा. मग सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कॅमेऱ्याचा नंतर, कारण ईमेल त्याच्या हातात असेल तर तुम्ही बदललेला कॅमेऱ्याचा पासवर्ड तो परत बदलून घेईल. मग कॅमेऱ्याच्या अकाउंटचा, दुसरीकडे कुठेच न वापरलेला, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय. आणि स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत तक्रार द्या, संकोच करू नका.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मिसिसिपीमध्ये आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीत असंच झालं होतं. कॅमेरा रिंग कंपनीचा, आईवडिलांनी मुलींवर लक्ष राहावं म्हणून काही दिवसांपूर्वीच लावलेला, आणि त्यातून एक परका माणूस त्या पोरीशी बोलत होता. कंपनीचं म्हणणं, आमची सिस्टिम फुटलेली नाही, दुसऱ्या साइटवरून चोरीला गेलेले पासवर्ड लोकांनी इथेही वापरले होते. ते बऱ्याच अंशी खरंही असेल, अशा चोरलेल्या याद्या आपोआप वापरून बघणारे प्रोग्रॅम असतात. पण २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीने टू-स्टेप सक्तीचं केलं, ते आधी करता आलं असतं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीवर केस केली त्यात हेही होतं की तिथल्या एका कर्मचाऱ्याने बायकांच्या घरातले हजारो व्हिडिओ बघितले होते, ५८ लाख डॉलर भरायचं कंपनीने कबूल केलं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर बाळाच्या खोलीत इंटरनेटचा कॅमेरा नकोच. आईच्या हातातल्या स्क्रीनशी थेट रेडिओवर बोलणारे डिजिटल बेबी मॉनिटर मिळतात, त्यांना वाय-फाय लागत नाही. दुसऱ्या गावाहून बाळ दिसणार नाही, तेवढंच काय ते कमी.

मी पोर्टबिर्ट काही उघडलेलं नाही, नुसता क्यूआर कोड स्कॅन केला आणि कॅमेरा ॲपमध्ये आला. मग मला काय भीती?

ह्याला पीटूपी म्हणतात. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहतो आणि तुमचं ॲप त्या सर्व्हरमार्फत त्याला गाठतं. उघड्या पोर्टपेक्षा हे बरं, पण आता भरवसा सगळा त्या कंपनीवर. २०२१ मध्ये थ्रूटेकच्या कलाय नावाच्या पीटूपी प्लॅटफॉर्ममध्ये दोष सापडला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने विकलेल्या आणि तो वापरणाऱ्या यंत्रांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या वर होती. २०२४ च्या फेब्रुवारीत वायझ या कॅमेरा कंपनीच्या जवळपास १३ हजार ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये परक्यांच्या घरातली चित्रं दिसली, तिथे तर कोणी हॅकरही नव्हता, सर्व्हर बंद पडून परत चालू होताना घोळ झाला. आणि यूफी या कंपनीने तर व्हिडिओ घरातच राहतो असं सांगून कॅमेरे विकले होते, २०२२ मध्ये निघालं की चित्रं क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, जात होती.

तेव्हा टू-स्टेप लावा, ॲपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा (चित्र कंपनीलाही वाचता येऊ नये असं कुलूप) पर्याय असेल तर चालू करा (बऱ्याचदा तो बंद असतो), आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे माणसं कपडे बदलतात, झोपतात तिकडे त्या कॅमेऱ्याचं तोंडच नको.

मी डॉक्टर आहे. औषधं आणि पैसे चोरीला जायला लागले म्हणून दवाखान्यात कॅमेरे लावले, एक तपासणीच्या खोलीतही आहे. काही काळजी घ्यायला हवी का?

डॉक्टरसाहेब, तपासणीच्या खोलीतला कॅमेरा आजच काढा. दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चार जणांना पकडल्याचं जाहीर केलं, १ लाख २० हजार कॅमेरे त्यांनी फोडले होते असा आरोप आहे, त्यात घरं होती आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञाचा दवाखानाही होता. चित्रण अश्लील साइटला विकलं जात होतं. पासवर्ड साधे होते, एकच अक्षर परत परत किंवा ओळीने आकडे. त्या दवाखान्यात तपासायला गेलेल्या बाईने कुठली चूक केली होती सांगा. तिला तर कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचा अधिकारही नव्हता. मोठ्या कंपनीची महागडी क्लाउड सिस्टिम घेतली म्हणूनही हा प्रश्न मिटत नाही, २०२१ मध्ये व्हर्काडा या अशाच कंपनीच्या दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोचले, हॉस्पिटल, तुरुंग, शाळा सगळं त्यात आलं, आणि वाट मिळाली ती इंटरनेटवर उघड्या सापडलेल्या एका सुपर ॲडमिन अकाउंटमधून.

चोरी औषधांच्या कपाटाची आणि गल्ल्याची होतेय ना, मग कॅमेरा त्यांच्याकडे वळवा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा, पेशंट काउंटरवरही आजार सांगतात. डीव्हीआरमधली युजरची यादी उघडा, बसवणाऱ्याचं अकाउंट अजून चालू असेल तर काढा. आणि कॅमेरे पेशंटच्या रेकॉर्डच्या कॉम्प्युटरबरोबर एकाच नेटवर्कवर ठेवू नका. २०२५ मध्ये एका कंपनीवरच्या हल्ल्याचा तपशील बाहेर आला, अकिरा नावाच्या रॅन्समवेअर टोळीला (फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारी) कॉम्प्युटरवरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने अडवलं होतं, तर त्यांनी त्याच नेटवर्कवरचा एक वेबकॅम धरला आणि तिथून सगळ्या फाइल एन्क्रिप्ट केल्या. कॅमेऱ्यात अँटिव्हायरस कुठे असतो.

आमचा एकच कॅमेरा आहे आणि तो बाल्कनीतून खाली रस्ता दाखवतो. तो कोणी बघितला तरी बिघडलं कुठे?

बिघडू शकतं. २०२४ च्या २ जानेवारीला युक्रेनच्या सुरक्षा सेवेने सांगितलं की कीव्हवर क्षेपणास्त्रं पडत असताना रशियाने शहरातले दोन कॅमेरे हॅक केले होते, त्यातला एक राहत्या इमारतीच्या बाल्कनीतला, त्याचा कोन बदलून चित्र लाइव्ह ऑनलाइन सोडलं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून तिथे असे १० हजारांच्या आसपास कॅमेरे बंद करावे लागले. तुमच्याकडे युद्ध नसलं तरी गाडी कधी निघते, घर किती दिवस अंधारात असतं हे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातही दिसतंच. आणि मिरायला चित्रात काय आहे याच्याशी मतलब नव्हता.

शेजाऱ्यांचा कॅमेरा आमच्या दाराकडे रोखलेला आहे. सांगितलं तर म्हणतात आमच्या भिंतीवर आहे.

भिंत त्यांची पण चित्र तुमचं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या एका प्रकरणात हेच म्हटलं, घराच्या सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती मामला राहत नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, त्यामुळे कोर्टाचं नंतर बघू. आधी त्यांना सांगा की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, चित्रातला तुमच्या दाराचा भाग काळा करता येतो आणि त्यांचं दार तसंच दिसत राहतं. बऱ्याच जणांना ही सोय माहीतच नसते, माहीत झाल्यावर करतात. आणि हा अंक त्यांना वाचायला द्या, त्यांचा कॅमेरा उघडा असेल तर तुमचं दारही जगाला दिसतंय.

जुना वाय-फाय कॅमेरा ओळखीच्यांना द्यायचाय. काही करावं लागतं का?

आधी ॲपमधून तो कॅमेरा तुमच्या अकाउंटमधून काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, आणि मेमरी कार्ड काढून स्वतःकडे ठेवा, नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डातून व्हिडिओ परत काढता येतात. अकाउंटमधून काढायचं राहिलं तर त्यांचं घर तुम्हाला दिसू शकतं. तुम्ही जुना घेत असाल तर रिसेट स्वतःच्या हाताने करा, देणाऱ्याने केलंय म्हणाला तरी.

पुढच्या अंकासाठी स्मार्ट लॉक आणि व्हिडिओ डोअरबेलचे प्रश्न पाठवा. आणि ज्या बाईंनी बाळाच्या खोलीबद्दल लिहिलंय, त्यांनी पोलिसांकडे काय झालं ते मला जरूर कळवावं, अडलं तर तक्रार लिहायला मी मदत करीन.